अहो, बोलू का?

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि खरं सांगायचं तर चूक शोधायला वाचतो. कुणाला रिकाम्या घरात पावलं ऐकू आली, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो — नळाचे पाइप लोखंडाचे होते का? बाहेर थंडी किती होती? पुष्कळदा उत्तर त्या लेखातच असतं, लिहिणाऱ्याला दिसलेलं नसतं. टेलिफोनच्या यंत्रणेतले दोष शोधणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. भूत, आत्मा, संकेत यांवर माझा विश्वास नव्हता आणि हे लिहितानाही नाही. म्हणून माझ्या बाबतीत जे घडलं ते जसंच्या तसं मांडतो. कुणाला यातली चूक सापडली तर जरूर कळवा. मला ती हवीच आहे.

आम्ही गार्चिंगला राहतो, म्युनिकच्या उत्तरेला. मी, पत्नी शैला, मुलगी ऋचा. ऋचा तेव्हा रेगेन्सबर्गला शिकायची आणि शनिवार-रविवारी घरी यायची. मी म्युनिकमधल्या एका कंपनीत होतो — नाव देत नाही — आणि आमच्या गटाकडे पश्चिम आफ्रिकेतली मोबाइल एक्स्चेंजेस होती. ही २००५ च्या आसपासची गोष्ट. घानाच्या उत्तर भागात नवं नेटवर्क उभं राहत होतं. त्याचं सॉफ्टवेअर आम्ही इथल्या लॅबमध्ये तयार करून तिकडे पाठवायचो.

त्या भागात टॉवर उभा करणं सोपं असतं, चालू ठेवणं अवघड. वीज भरवशाची नाही, त्यामुळे बहुतेक टॉवर डिझेल जनरेटरवर. डिझेलचा टँकर चिखलात रुतला किंवा कुणी टाकीतलं डिझेल काढून विकलं, की टॉवर बंद. शिवाय एका टॉवरवरून सिग्नल पुढच्या टॉवरला जातो, म्हणजे मधला एक पडला की पलीकडची सगळी गावं पडली. अशा नेटवर्कमध्ये ग्राहकाच्या कानावर सगळ्यात जास्त काय पडतं? आईचा आवाज नाही, गिऱ्हाइकाचा नाही. फोन बंद आहे, किंवा संपर्काच्या बाहेर आहे, हे सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज.

हा आवाज दोन भाषांत द्यायचा होता — इंग्रजी आणि तिथली दगबानी. इंग्रजी रेकॉर्डिंग वेळेवर आलं. दगबानी येईना. तिथल्या स्टुडिओचा खर्च आमच्या बाजूनं की त्यांच्या, यावर मेलामेली चालली होती. आमचा टीमलीडर युर्गेन म्हणाला, "आल्झो, तर मग विनायक, चाचणीपुरतं त्या जागेत काहीही भर. कुठलीही भाषा चालेल. तुझी भर."

मी लॅपटॉप घरी आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि हेडसेट शैलाच्या डोक्यावर चढवला. वाक्य कागदावर लिहून दिलं.

"हे कुणी लिहिलंय?" शैला म्हणाली.

"मी."

"'संपर्क साधू इच्छिता'... अहो, ज्याला फोन लागत नाही तो आधीच वैतागलेला असतो. त्याला सरळ सांगा ना, नंतर करा म्हणून."

"बरं, तुझ्या शब्दांत सांग."

"आणि घसा बसलाय माझा."

"चालेल. तो लॅबमध्येच राहणार आहे, कोण ऐकतंय."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. ते सुरू झालंय हे तिला कळलं नाही. तिनं विचारलं, "अहो, बोलू का?" मी म्हणालो, "हं, बोल." मग ती म्हणाली, "तुम्ही ज्यांना फोन केलाय ते आत्ता भेटणार नाहीत. थोड्या वेळानं करा."

एवढंच. माझं "हं, बोल" मी पुसलं आणि त्या जागी तेवढीच शांतता ठेवली. सुरुवातीचा तिचा प्रश्न राहू दिला. चाचणीला त्यानं काही फरक पडत नव्हता.

दगबानी रेकॉर्डिंग शेवटपर्यंत आलं नाही. नेटवर्क मात्र ठरल्या दिवशी चालू झालं, आणि उत्तर घानातली गावंच्या गावं शैलाचं मराठी ऐकू लागली. मी हे लेखी कळवलं. युरोपातल्या ग्राहकाच्या बाबतीत असं झालं असतं तर त्याच दिवशी माणसं विमानात बसली असती. घानासाठी उत्तर आलं — सॉफ्टवेअरच्या पुढच्या रिलीजमध्ये बघू. पुढच्या रिलीजच्या वेळीही तेच उत्तर.

तिथल्या एक्स्चेंजवर, तमाले शहरात, अब्दुलाई नावाचा इंजिनियर होता. तो मला मिस्ड कॉल द्यायचा, मग मी ऑफिसातून त्याला लावायचो. आपल्याकडच्यासारखंच, तिकडे त्याला 'फ्लॅश' म्हणतात. आमच्या जर्मन सहकाऱ्यांना हा प्रकार कधी समजला नाही. उत्तर न मिळालेले इतके कॉल म्हणजे नेटवर्कमध्ये दोष आहे, असं ते धरून चालायचे.

एकदा अब्दुलाईनं विचारलं, "मिस्टर विनायक, ती बाई कोण आहे?"

"कुठली बाई?"

"फोन लागला नाही की बोलते ती. माझी आई म्हणते हौसा जमातीची आहे. ड्रायव्हर म्हणतो फुलानी आहे. मी दोघांना सांगितलं, वेड्यांनो, ही जर्मन आहे."

"माझी बायको आहे ती."

तो खूप हसला. मग म्हणाला, "तिला सांगा, इथं ती प्रसिद्ध आहे. बाजारात लोक म्हणतात, अमक्याचा फोन 'अहो' आहे. आज डिझेल नाही, टॉवर अहो. आमचा मॅनेजर तर सोमवारपासून अहो आहे."

मी घरी येऊन शैलाला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "अहो म्हणजे जो वेळेवर भेटत नाही तो. बरोबर आहे की त्यांचं. आपण इतकी वर्षं उगीच दुसरा अर्थ धरून बसलो."

तिचा बसलेला घसा सुटलाच नाही. नेहमीच्या डॉक्टरनं थंडीचा दोष म्हणून चघळायच्या गोळ्या दिल्या. मग घशाच्या डॉक्टरकडे, तिथून क्लिनिकमध्ये. स्वरयंत्राचा कॅन्सर होता. स्वरयंत्र काढावं लागलं.

आमच्या घरात बोलण्याचं काम शैलाकडे होतं. मी मोजकं बोलतो. ऋचाला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. शैला दोघांच्या वाटचं बोलायची. रविवारी गार्चिंगमधल्या मराठी पोरांना जमवून शिकवायची, आणि तिचा आवाज जिन्याच्या खालपर्यंत यायचा. ऑपरेशननंतर ती गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेऊ लागली. बोलता यावं म्हणून त्यात एक झडप बसवतात. ती तिला लाभली नाही, सारखी गळायची आणि सुजायची. मग गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं. त्यातून भुणभुण आवाज येतो. ऋचासमोर तिनं ते एकदा वापरलं. ऋचा रडत खोलीत गेली. शैलानं पांढऱ्या पाटीवर मार्करनं लिहिलं, "भुंगा नको," आणि यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानंतर ती पाटीच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. फोटो पुष्कळ. व्हिडिओ कॅमेरा आम्ही घेतला नव्हता. आन्सरिंग मशीनवर ऋचाचा जर्मन निरोप. मी कंपनीत त्या फाइलची चौकशी केली. तोवर आमचा विभाग दुसऱ्या कंपनीत विलीन झाला होता, लॅबचे सर्व्हर रिकामे करून झाले होते. मला उत्तर आलं, की ग्राहकाला दिलेल्या प्रणालीतला डेटा ग्राहकाच्या मालकीचा असतो आणि खासगी कारणासाठी देता येत नाही. माझ्या बायकोचा आवाज. अब्दुलाईनं तिकडून प्रयत्न केला, पण त्या यंत्रातून रेकॉर्डिंग बाहेर काढायची सोयच ठेवलेली नव्हती.

"मग फोन करा," अब्दुलाई म्हणाला. "माझ्या ड्रॉवरमध्ये एक टेस्टचं सिम आहे, कायम बंद. नंबर घ्या. कधीही लावा, ती भेटेल."

इथे दोन तांत्रिक गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिली — असा कॉल उचलला गेलेला नसतो, त्यामुळे त्याचा आकार पडत नाही आणि बिलात त्याची नोंदही येत नाही. दुसरी — अशा कॉलमध्ये आवाज फक्त तिकडून इकडे येतो. इकडून तुम्ही काही बोललात तर ते कुठेच पोचत नाही. ऐकायला पलीकडे कोणी नसतं, यंत्रसुद्धा नाही.

मी दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊन तो नंबर लावू लागलो. आधी इंग्रजी, मग शैला. "अहो, बोलू का?" शांतता. "तुम्ही ज्यांना फोन केलाय ते आत्ता भेटणार नाहीत..." शैलाला मी हे सांगितलं नव्हतं. तिला दुःख होईल असं वाटलं.

आता ताईंबद्दल. शैलाच्या थोरल्या बहीण, कराडला असतात. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच शैलाला वाढवलं. त्या वर्षी ताईंची दृष्टी काचबिंदूनं झपाट्यानं कमी होत होती. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन असायचा. त्या बोलायच्या आणि शैला अंगठीनं रिसीव्हरवर टकटक करायची. एक टकटक हो, दोन नाही. बाकीचं ती पत्रात लिहायची, मार्करनं, मोठ्या अक्षरात. ताईंना ते अजून दिसत होतं. पण ते दिसेनासं झालं की पत्र सुनेकडून वाचून घ्यावं लागणार, आणि दोघी बहिणींना एकमेकींना जे सांगायचं असतं ते सुनेच्या तोंडून ऐकायचं नसतं. शैलानं पाटीवर लिहिलं होतं, "ताईला माझं लिहिलेलं दिसतंय तोवर जायचंय." मे महिन्याचं तिकीट काढलं होतं. ऑपरेशननंतरचा तिचा पहिलाच प्रवास.

एप्रिलमधला शनिवार. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. शैला बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी स्वयंपाकघरात होतो. मध्ये काचेचं दार, ते बंद. मी नंबर लावला. इंग्रजी संपलं. मग —

"अहो, बोलू का?"

आणि त्या शांततेत, का ते मला सांगता येणार नाही, मी म्हणालो, "हं, बोल."

"डावीकडे, जबड्याच्या खाली गाठ लागतेय," शैला म्हणाली. "आधी वाटाण्याएवढी होती, आता वाढलीय. ताईकडून आल्यावर सांगीन सगळ्यांना. तोवर तुमच्याजवळच ठेवा."

मग नेहमीचा तुटक टोन.

मी काचेतून बाहेर पाहिलं. शैला माझ्याकडे पाठ करून उभी होती, माझा शर्ट झटकत होती. वळली तेव्हा तिच्या दातांत कपड्यांचा चिमटा होता. मी पुन्हा नंबर लावला. पुन्हा "बोल" म्हणालो. नेहमीचंच वाक्य आलं. परत परत लावला. तेच.

पुढच्या आठवड्यात तिची ठरलेली तपासणी होती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, शांत. काही नवीन त्रास? शैलानं मान हलवली, नाही. बाई कागद मिटायला लागल्या. मी म्हणालो, "डावीकडे जबड्याखाली बघा."

बाईंनी बोटं लावली. बोटं एका जागी थांबली. शैला त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

यू-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, तिनं पिशवीतून पाटी काढली. "झोपेत माझी मान चाचपलीत?"

"नाही."

पुसलं. "खोटं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिलं नव्हतं."

"घरी गेल्यावर सांगतो."

घरी गेल्यावर मी सांगितलं. पार्किंग, टेस्टचं सिम, बाल्कनी. ऋचाही त्या दिवशी घरी आलेली होती.

"घाना?" ऋचा म्हणाली. "पापा, एर्लिश?" म्हणजे खरंच का, मनापासून सांगतोयस का. मग मराठीत, शब्द शोधत, "तू ममाला नुसतं सॉरी म्हण ना. एवढं मोठं कशाला बनवतोस?"

मी नंबर लावून फोन शैलाच्या हातात दिला. तिनं ऐकलं. ऑपरेशननंतर प्रथमच तिच्या कानावर तिचा आवाज पडत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीही दिसलं नाही. फोन परत देऊन तिनं लिहिलं, "एवढंच आहे." त्याखाली, "खोटं बोलायला घाना सापडला."

ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. तिकीट गेलं. डाव्या हाताची एक नस दुखावली, तो हात खांद्याच्या वर जात नाही. उन्हाळ्याअखेर ताईंना उजेड-अंधार एवढंच कळू लागलं. हिवाळ्यातल्या तपासणीत मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की त्या वेळी महिनाभर थांबलो असतो तर काय झालं असतं. "फिलाइश्ट काहीच नाही," त्या म्हणाल्या. कदाचित काहीच नाही. मी शैलासमोर हे विचारायला नको होतं असं ऋचाचं म्हणणं. मला उत्तर हवं होतं, मी विचारलं. आणि गाठीचंही तसंच. माहीत असून गप्प बसणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही.

त्यानंतर शैला माझ्यासाठी पाटीवर कामापुरतं लिहू लागली. "दूध." "मंगळवारी डॉक्टर." "पडदे काढा." पूर्वी ती शब्द पुसायची तेव्हा हातानं पुसायची, घाईघाईत, कारण पुढचं लिहायचं असायचं. आता माझ्यासाठी लिहिलेला शब्द दिवसभर तसाच राहायचा.

पुढच्या वर्षी अब्दुलाईचा मिस्ड कॉल आला. मी लावला.

"मिस्टर विनायक, आमचं नेटवर्क विकलं. नव्या मालकांनी दुसऱ्या पुरवठादाराची यंत्रं आणली. तुमच्या यंत्रांची सगळी कपाटं अंगणात आहेत."

"उघड्यावर?"

"त्यावर कोंबड्या बसतात."

"आणि शैला?"

"गेली. आता फक्त इंग्रजी, एक पुरुष बोलतो, गुळगुळीत. दगबानी याही वेळी नाही. इतकी वर्षं आमच्या फोनवर तुमची बायको बोलली, आमची भाषा नाही बोलली. वाईट वाटून घेऊ नका. तिचं आम्हाला काही नाही. बाकीच्यांचं आहे."

मी नंबर लावून खात्री केली. तेच — तो गुळगुळीत इंग्रजी आवाज, एकदा, मग पुन्हा, आणि मग टोन. मी शैलालाही सांगितलं, की आता ते रेकॉर्डिंग राहिलेलं नाही. तिनं ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी, नेहमीसारखा ताईंचा फोन आला. कुकर लावलेला होता. फोन स्पीकरवर. ताई शेजारच्यांचं, गुडघ्यांचं, सुनेनं बदललेल्या फडताळाचं सांगत होत्या, शैला अंगठी वाजवत होती. मध्येच ताई थांबल्या.

"शैला, पुरे गं ते टकटक. तू हसतेस का रडतेस ते मला कळत नाही. पत्र येतं, ते सूनबाई वाचते. छान वाचते. पण तू हिला ऐकवायला लिहितेस ना आता, मला कळतं. त्यापेक्षा नको लिहूस."

शैलाची अंगठी वाजली नाही. एकही टकटक नाही, दोनही नाहीत. मग तिनं टेबलावरचा माझा मोबाइल उचलला आणि यादीतून नंबर काढला. मी बघितलं कुठला ते.

"शैला, ते आता नाहीये. काढून टाकलंय. तुला सांगितलं होतं."

तिनं मला गप्प राहण्याची खूण केली. घरच्या फोनचा स्पीकर बंद केला. मोबाइल घरच्या फोनवर उलटा धरला — याचा कान त्याच्या तोंडाशी, त्याचा कान याच्या तोंडाशी — आणि दोन्ही मिळून हातात घट्ट पकडले. डावा हात उचलत नाही म्हणून कोपर टेबलावर टेकवलं. आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मला मोबाइलमधलं काहीच ऐकू येत नव्हतं. घरच्या फोनमधून ताईंचा आवाज झिरपत होता, शब्द नाहीत, नुसता आवाज. पण तो ज्या पद्धतीनं येत होता ते मला कळत होतं. थोडं बोलणं, मग थांबणं. लांब थांबणं. मग घाईघाईत काहीतरी. मग एकदा हसणं. समोरून कोणी बोलत असलं की माणूस असा बोलतो. रेकॉर्ड केलेल्या इंग्रजीशी कोणी असं बोलत नाही, आणि तो इंग्रज तर दोनदा बोलून फोन तोडतो.

कुकर झाला. मी शेगडी बंद केली. काकडी चिरली, दाण्याचं कूट घातलं. वाफ जिरून कुकरचं झाकण सैल झालं. शैला तशीच बसलेली. तिचे ओठ मिटलेले होते.

मग तिनं दोन्ही फोन वेगळे केले, घरचा माझ्या हातात दिला आणि भात काढायला उठली. मी आधी मोबाइल कानाला लावला. तुटक टोन. मग घरचा.

"ताई?"

"विनायकराव," ताई म्हणाल्या. नाक ओढत होत्या, पण आवाज मोकळा होता. "किती बोलली आज पोरगी. आवाज बसलाय नाही अजून जरासा?"

"काय म्हणाली?"

"ते आमचं आहे." मग, "तुमच्याबद्दलही बोलली. सांगू का नको कळत नाही."

"सांगा."

"म्हणाली, इतके दिवस वाटत होतं यांनी चोरून मान चाचपली. तसं नाही, हे आता पटलंय. वाटाण्याएवढी होती तिथपासून मीच सांगितलं होतं, म्हणाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणून राग आणखी वाढलाय, म्हणाली. चोरलं असतं तर वेगळं. सांगितलेलं होतं, ते त्यांना सांगितलं होतं, डॉक्टरांना नाही. आता हे तुमचं तुम्ही बघा, विनायकराव. मी मध्ये पडत नाही."

एवढंच झालं. आता चूक शोधणाऱ्यांसाठी माझ्याकडे जे आहे ते देतो. 'वाटाण्याएवढी' हा शब्द मी कुणालाही सांगितलेला नव्हता. डॉक्टरांना नाही, ऋचाला नाही, शैलालाही नाही, तिला मी फक्त गाठ म्हणालो होतो. शैलानं तो ताईंना पत्रात लिहिलेला नाही. ती सगळी पत्रं, ताईंना दिसत होतं तेव्हाचीसुद्धा, सुनेनं वाचून पाहिलेली आहेत आणि मी तिला विचारलं. टकटक करून तो सांगता येत नाही. अब्दुलाईकडून मी खात्री करून घेतली, की जुनी कपाटं त्या दिवशी अंगणातच होती आणि वीज त्यांच्या आसपासही नव्हती. त्या वेळी तो नंबर दुसऱ्या कुणाला दिलेलाही नव्हता. माझ्या फोनच्या बिलात काही नाही, आणि नसणारच. ताईंना वयामुळे भास झाला म्हणावं, तर मग त्या एप्रिलच्या सकाळी मला झाला तो काय? दोघांना वेगवेगळ्या वर्षी, एकमेकांशी जुळणारा?

शैलाला विचारता येईल. ती समोर आहे, पाटी आहे, मार्कर आहे. मी एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "भात निवतोय."

आमच्या कामात दोषाचं कारण सापडलं नाही की तक्रार बंद करताना एक ठरावीक वाक्य लिहायची पद्धत होती — दोष पुन्हा घडवून आणता आला नाही. ते वाक्य मला कधीच आवडलं नाही. शोधणाऱ्यानं कंटाळून हात टेकले, एवढाच त्याचा अर्थ असतो. मी अजून तो नंबर लावतो. इंग्रज गृहस्थ बोलतात, दोनदा, आणि फोन तुटतो. ही तक्रार मी बंद केलेली नाही.